पैसा ज्याचा, निर्णयही त्याचाच?

२०२४ सालच्या मार्च ते जून या काळात ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग शहरात पन्नास माणसे सहा वेळा शनिवार-रविवार एकत्र बसली. त्यांच्यापुढे काम एकच होते : अडीच कोटी युरो कुणाकुणाला द्यायचे ते ठरवायचे. पैसे होते मार्लेने एंगेलहॉर्न या तिशी नुकतीच ओलांडलेल्या बाईंचे. बीएएसएफ ही जर्मन रसायन कंपनी उभी करणाऱ्या फ्रीड्रिख एंगेलहॉर्न यांच्या घराण्यातल्या त्या. आजीमागे त्यांच्याकडे मोठी संपत्ती आली. ऑस्ट्रियाने वारसा कर २००८ मध्येच बंद केलेला असल्यामुळे त्यातला एक सेंटही सरकारजमा करावा लागला नाही. बाईंना हे अन्यायाचे वाटले. जानेवारीत देशातल्या दहा हजार रहिवाशांना चिठ्ठ्या टाकल्यासारखी पत्रे गेली. ज्यांनी तयारी दाखवली त्यांतून देशाच्या लोकसंख्येशी मेळ बसेल असे पन्नास जण निवडले गेले. जूनमध्ये या मंडळाने ७७ संस्थांची यादी जाहीर केली. सर्वांत मोठी रक्कम, सोळा लाख युरो, निसर्गसंरक्षण करणाऱ्या संस्थेला गेली आणि सर्वांत लहान चाळीस हजारांची होती.

बातम्यांचा सगळा भर अडीच कोटींच्या आकड्यावर होता. मला त्याहून मोलाच्या वाटल्या त्या तळाशी छापलेल्या दोन गोष्टी. पहिली ही की एंगेलहॉर्नबाईंनी नकाराधिकार स्वतःकडे ठेवला नाही. माणुसकीच्या वा राज्यघटनेच्या विरोधात काम करणाऱ्यांना आणि नफ्यासाठी चालणाऱ्या उद्योगांना पैसे द्यायचे नाहीत, अशी एक चौकट आधीच आखून दिली होती. तिच्या आत मंडळ मोकळे होते. दुसरी गोष्ट मानधनाची. दर वीकेंडला प्रत्येक सदस्याला बाराशे युरो मिळत. शिवाय प्रवास, राहणे, लहान मुले सांभाळण्याची सोय, लागेल त्याला दुभाषा. आपल्याकडे 'लोकसहभागाच्या' बैठकीला येणाऱ्या तज्ज्ञाला विमानभाडे आणि मानधन मिळते, आणि दिवसाचा रोज बुडवून आलेल्या बाईला चहा-पोहे. त्या बाईचा वेळ फुकट धरायचा, ही सवय आपल्या चांगल्याचांगल्या संस्थांनाही लागलेली आहे.

पैसा देऊन टाकणारी माणसे प्रत्येक देशात, प्रत्येक काळात भेटतात. तो कुठे जावा हे ठरवण्याचा हक्कही सोबत देऊन टाकणारी फार थोडी. या पुस्तकाचा विषय त्या थोड्यांचा आहे.

साल्झबर्गचा प्रयोग लक्षवेधी असला तरी तो या विषयाच्या कडेला बसतो, मध्यभागी नाही. ते पन्नास जण सर्वसामान्य नागरिक होते. ज्यांच्या आयुष्यावर त्या पैशाचा परिणाम होणार होता तेच ते, असे नव्हते. निर्णयाचा हक्क सोपवण्याच्या या पद्धतीचा, म्हणजे सहभागी निधीवाटपाचा, खरा आग्रह याच्या पुढचा आहे. अपंगांसाठीचा पैसा असेल तर निर्णयाच्या बैठकीत अपंग व्यक्ती बहुमतात हव्यात. वस्तीसाठीचा असेल तर वस्तीतली माणसे. त्यांनी केवळ हजर राहून उपयोग नाही. पैसा कुणाला, किती आणि कोणत्या अटीवर, हे त्यांच्या मताने ठरले पाहिजे.

याच्या नेमके उलट टोक पाहायचे तर अँड्र्यू कार्नेगी यांच्याकडे जावे लागते. पोलाद उद्योगातून अफाट श्रीमंत झालेल्या या गृहस्थांनी १८८९ मध्ये संपत्तीवर एक निबंध लिहिला. 'गॉस्पेल ऑफ वेल्थ' या नावाने तो पुढे गाजला आणि आधुनिक दानशूरतेचा तो जवळजवळ धर्मग्रंथ मानला जातो. धनिकाने संपत्ती मरेपर्यंत साठवू नये, हयातीतच समाजासाठी खर्चावी, असे त्यात सांगितले आहे. इथवर कुणाचा वाद नाही. परंतु निबंधाचा कणा दुसऱ्याच विचाराचा आहे : श्रीमंत माणूस हा गरीब बांधवांचा विश्वस्त असून त्यांचे भले कशात आहे ते त्यांच्यापेक्षा त्याला अधिक कळते. तीच रक्कम मजुरांच्या हाती थोडी थोडी पडली तर ती वाया जाईल, असा त्यांचा हिशेब होता. कार्नेगींनी अडीच हजारांहून अधिक ग्रंथालये उभी केली, आणि १८९२ मध्ये त्यांच्याच होमस्टेडच्या कारखान्यात मजुरी कपातीवरून संप पेटला तेव्हा बंदूकधारी खासगी रक्षक आणले गेले, माणसे मेली. ग्रंथालय हवे की वाढीव मजुरी, हे त्या मजुरांना कुणी विचारले नव्हते. आपल्याकडे गांधीजींनीही धनिकांना विश्वस्त होण्याचे आवाहन केले. त्यांची नैतिक उंची कार्नेगींहून कितीतरी मोठी. तरी विश्वस्ताला जाब कोण विचारणार, हा प्रश्न त्यांच्या मांडणीतही बराचसा विश्वस्ताच्या सद्सद्विवेकावर सोडलेला आहे.

हा प्रश्न व्यवहारात पहिल्यांदा धसाला लावला तो अमेरिकेतल्या काही तरुण वारसदारांनी. व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या आणि नागरी हक्कांच्या चळवळींच्या वाऱ्यात ही पिढी वाढली होती. १९७४ मध्ये बोस्टनला 'हेमार्केट पीपल्स फंड' सुरू झाला. त्याच्या संस्थापकांत पिल्सबरी या पिठाच्या प्रसिद्ध कंपनीच्या घराण्यातले जॉर्ज पिल्सबरी होते. नाव निवडले तेही बोलके : १८८६ साली शिकागोच्या हेमार्केट चौकात आठ तासांच्या कामाच्या दिवसासाठी चाललेल्या लढ्यात जे घडले आणि ज्याच्या स्मरणात जग १ मे पाळते, ते. फंडाचा नियम सरळ होता. पैसे देणारे देतील. वाटपाचा निर्णय न्यू इंग्लंडच्या निरनिराळ्या भागांतल्या, चळवळीत काम करणाऱ्या माणसांची मंडळे घेतील. पुढे १९७९ मध्ये अशा फंडांनी मिळून 'फंडिंग एक्स्चेंज' नावाचे जाळे विणले. दान नको, बदल हवा, हा त्यांचा घोष. या मंडळींनी फार मोठ्या रकमा वाटल्या अशातला भाग नाही. मोठ्या फाउंडेशनांच्या शेजारी त्यांचे आकडे किरकोळ दिसतात. पण देणगीदाराला मत नसलेली देणगी-संस्था वर्षानुवर्षे चालू शकते, एवढे त्यांनी करून दाखवले.

त्यानंतर या विचाराला सर्वांत जास्त बळ दिले ते अपंग हक्कांच्या चळवळीने. आमच्याविषयी जे काही ठरवाल ते आमच्याशिवाय ठरवू नका, ही तिची मागणी. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार डिसेंबर २००६ मध्ये स्वीकारला गेला आणि मे २००८ मध्ये अमलात आला. त्याच वर्षी 'डिसॅबिलिटी राइट्स फंड' सुरू झाला. त्याच्या निर्णयमंडळात देणगीदार आणि अपंग कार्यकर्ते एकाच टेबलाशी बसतात. ही मिश्र पद्धत हेमार्केटपेक्षा वेगळी आहे. देणगीदार बाहेर राहत नाही. तो ऐकतो, वाद घालतो, आणि बहुधा काही शिकूनही जातो. पण खोलीत धनाढ्य संस्थेचा प्रतिनिधी बसलेला असताना बाकीचे किती मोकळे बोलतात, हा प्रश्न उरतो. पुढच्या प्रकरणांत या दोन पद्धतींचे वाद पुन्हा पुन्हा डोके वर काढतील. माझे झुकते माप हेमार्केटकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो.

या सगळ्या इतिहासातला जो धागा थेट महाराष्ट्रात येऊन पोचतो तो मात्र वेगळ्याच माणसांचा. अमेरिकेने २००३ मध्ये एचआयव्ही-एड्सविरोधी कामासाठी जगभर प्रचंड पैसा देणारा कायदा केला. त्यात एक अट होती. पैसा घेणाऱ्या संस्थेने आपण वेश्याव्यवसायाच्या विरोधात आहोत असे धोरण लेखी जाहीर करायचे. वॉशिंग्टनला बसून ही अट निर्दोष वाटत असेल. पण ज्या संस्था देहविक्रय करणाऱ्या बायकांबरोबर, त्यांच्याच संघटनेतून काम करत होत्या, त्यांनी अशा कागदावर सही करायची म्हणजे आपल्याच कार्यकर्त्यांच्या जगण्याचा लेखी निषेध करायचा. ब्राझीलने २००५ मध्ये याच कारणासाठी सुमारे चार कोटी डॉलरवर पाणी सोडले. आणि आपल्या सांगलीच्या 'संग्राम'नेही ही अट मान्य न करता अमेरिकी निधी नाकारला. संग्रामचे काम १९९२ पासूनचे. त्यातूनच 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद', म्हणजे व्हँप, ही या बायकांची स्वतःची संघटना उभी राहिली. कंडोम कुठे, कधी, कुणाच्या हातून वाटायचे हे त्या ठरवत, आणि म्हणून ते काम चालत होते. बाहेरच्या तज्ज्ञाला गोकुळनगरच्या गल्लीतले वेळापत्रक काय ठाऊक असणार?

पैसा आहे, इरादाही वाईट नाही, पण अट अशी की काम करणाऱ्याच माणसाचे तोंड बंद व्हावे : या अनुभवातून देहविक्रय करणाऱ्यांच्या संघटना आणि काही समंजस देणगीदार संस्था यांच्यात बोलणी सुरू झाली. २०१२ मध्ये 'रेड अंब्रेला फंड' निघाला. ॲम्स्टरडॅमच्या 'मामा कॅश' या जुन्या स्त्रीवादी निधीने त्याला आपल्या छपराखाली जागा दिली. जगभरातून आलेले अर्ज वाचणाऱ्या आणि निवडणाऱ्या समितीत बहुसंख्य सदस्य देहविक्रय करणारेच असतात. देणगीच्या इतिहासात या माणसांना आजवर दोनच भूमिका मिळाल्या होत्या, सुटका करून घेणाऱ्या अबलेची आणि रोग पसरवणाऱ्या गुन्हेगाराची. समितीच्या सदस्याची भूमिका त्यांना इथे मिळाली.

पद्धती अनेक आहेत, त्यांची खानेसुमारी इथे करत नाही. तरुण स्त्रीवादी गटांसाठी २०१० मध्ये स्थापन झालेल्या 'फ्रिडा' या निधीची रीत मात्र सांगण्यासारखी आहे, कारण ती धाडसी आहे. तिथे अर्ज करणारे गटच आपापल्या प्रदेशातले इतरांचे अर्ज वाचतात आणि मत देतात. स्वतःला मत देता येत नाही. स्पर्धकच परीक्षक! ऐकल्याबरोबर आपल्या मनात येते : मग सगळे एकमेकांना पाडतील. प्रत्यक्षात या रीतीत एक लाभ असा होतो की निवड न झालेल्या गटालाही शेजारच्या देशात आपल्यासारखेच काम कोण करते आहे ते कळते. नेहमीच्या पद्धतीत त्याच्या पदरात 'खेद वाटतो' असे छापील पत्र तेवढे पडते. पूर्व आफ्रिकेत नैरोबीहून चालणारा 'उहाई' हा २००९ पासूनचा निधी कार्यकर्त्यांच्या समितीमार्फत चालतो. आणि अगदी अब्जाधीशांच्या पातळीवर, मॅकेंझी स्कॉट यांनी २०२३ मध्ये जाहीर अर्ज मागवले तेव्हा ६,३५३ संस्थांचे अर्ज आले. पहिल्या फेरीत अर्जदार संस्थांनीच एकमेकांना गुण दिले, नंतर बाहेरच्या परीक्षकांनी, आणि २०२४ मध्ये ३६१ संस्थांना मिळून ६४ कोटी डॉलर मिळाले. इथे शेवटचा शब्द लोकांचा नव्हता, हे खरे. तरी एवढ्या मोठ्या रकमेच्या दारात कामकऱ्यांचे मत पहिल्यांदा घेतले गेले, ही गोष्ट दहा वर्षांपूर्वी कुणाला सुचली नसती.

सहकाऱ्याच्या डोळ्याला असे काय दिसते, जे कार्यालयातल्या अधिकाऱ्याला दिसत नाही? ज्याने कधी प्रपोजल लिहिले आहे त्याला हे समजावून सांगायला नको. आज चांगले प्रपोजल लिहिणे हा स्वतंत्र धंदा झाला आहे. इंग्रजी सफाईदार, तक्ते देखणे, दर तिमाहीचे लक्ष्य ठरलेले. ज्याला ते लिहिता येते किंवा लिहून घेण्याची ऐपत आहे त्याला फंड येतो. ज्या कार्यकर्त्याचे सगळे आयुष्य तालुक्याच्या कचेरीत रेशनकार्डासाठी खेटे घालण्यात जाते त्याचा अर्ज मराठीत, चार ओळींचा, आणि 'अपेक्षित परिणाम' या रकान्यात काय भरायचे ते त्याला सुचलेले नसते. त्याच पट्ट्यात काम करणारी बाई समितीत असेल तर ती त्या चार ओळींमागचे काम ओळखते. देखणा अर्ज करणाऱ्या संस्थेचा बोर्ड गावात आहे पण माणूस वर्षभर फिरकलेला नाही, हेही तिलाच ठाऊक असते. आणि एक. कार्यालयीन देणगीदाराला भाडे, वीजबिल, हिशेबनिसाचा पगार यांवर पैसे द्यायचे जिवावर येते, कारण त्यांचे फोटो काढता येत नाहीत. ज्याने स्वतः संस्था चालवली आहे त्याला माहीत असते की ती बंद पडते तेव्हा बहुतेक वेळा याच खर्चापायी पडते.

आता आक्षेपांकडे वळू, कारण ते खरे आहेत. ही पद्धत म्हणजे सज्जनतेची हमी, असे मानणारे उत्साही लोक या विषयाचे फार नुकसान करतात. आपल्या गावात 'समुदाय' नावाची एकजिनसी चीज कुठेही नाही. गावात जाती आहेत, भावक्या आहेत, पक्ष आहेत. निवडून आलेल्या बाईच्या शेजारी खुर्ची टाकून बसणारे सरपंचपती आहेत. तुम्ही 'गावाला ठरवू द्या' म्हणालात की बहुतेक ठिकाणी ठरवणारे पाच-सात जण आधीच ठरलेले असतात, आणि त्यांत पाड्यावरची, गावकुसाबाहेरची माणसे नसतात. मुंबईच्या ट्रस्टीची मनमानी निदान लांबून चालते. गावच्या पुढाऱ्याची मनमानी रोज दारात उभी असते. म्हणून या कामात पहिला प्रश्न 'समुदायाला विचारले का' हा नाहीच. समुदायातल्या कुणाला, हा आहे. समितीत जागा कोणाच्या, दर किती वर्षांनी बदलणार, घरच्या वा संस्थेच्या माणसाचा अर्ज आला तर खोलीबाहेर कुणी जायचे, हे नियम आधी लिहून सर्वांना वाचायला मिळाले नाहीत तर आपण जुन्याच सत्तेला नवा शिक्का देऊन येतो.

दुसरी अडचण कमी बोलली जाते. नाही म्हणणे अवघड असते. दिल्लीतला प्रोग्राम ऑफिसर पन्नास अर्ज नाकारतो आणि संध्याकाळी घरी जातो. नाकारलेल्यांपैकी एकही जण त्याला भाजी घेताना भेटत नाही. वस्तीतल्या समितीच्या सदस्याला तो उद्या नळावर भेटणार आहे. लोक अबोला धरतात, मुलाच्या लग्नाचे आमंत्रण येत नाही. ज्यांच्या हाती आपण निर्णय सोपवतो त्यांच्या माथी आपण ही किंमतही मारत असतो, हे देणगीदाराने ध्यानात घेतले पाहिजे. शेजारच्या जिल्ह्याचे अर्ज वाचायला देणे, निर्णय सबंध समितीच्या नावाने जाहीर करणे, नकाराची कारणे लेखी देणे, असे काही तोडगे लोकांनी काढले आहेत. त्यांनी भार हलका होतो. नाहीसा होत नाही.

तिसरा आक्षेप खर्चाचा आणि वेळेचा. ही पद्धत संथ आहे, महागही आहे. पण हा आक्षेप घेणाऱ्यांनी सध्याच्या पद्धतीचा खर्च कधी मोजलेला नसतो. पाच लाखांच्या मदतीसाठी दहा संस्थांनी महिनाभर कागद रंगवायचे आणि नवांचे श्रम वाया जायचे, हा खर्च कुणाच्याच ताळेबंदात येत नाही.

असे निर्णय 'अधिक परिणामकारक' ठरतात, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांपासून मात्र सावध राहावे. काही ठिकाणी ठरतात, काही ठिकाणी समिती चुकते, जसे विश्वस्तही चुकतात. या पद्धतीची बाजू परिणामांच्या तराजूवर मांडण्याची मला गरज वाटत नाही. देणगीच्या पैशाला आयकरात सवलत मिळते. ट्रस्टच्या उत्पन्नालाही मिळते. म्हणजे जो कर सरकारजमा होऊन शाळा-दवाखान्यांवर खर्च झाला असता, तो समाजाने देणगीदाराच्या मर्जीवर सोडलेला आहे. मग त्या पैशाच्या वापरात समाजाने तोंड घातले तर ती ढवळाढवळ कशी?

भारतात हा विषय बोलताना कायद्याची भिंत लगेच लागते. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक झाले. खर्चाचे धोरण ठरवायला संचालकांची समिती. कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही कायदा सांगतो. परिसराला प्राधान्य, परिसरातल्या माणसाला समितीत जागा नाही. चाकणच्या वा बुटीबोरीच्या कारखान्याभोवतीच्या गावांत शाळेला रंग द्यायचा की ओढ्यात सोडलेल्या पाण्याची तपासणी करायची, हे गावकऱ्यांच्या मतावर सोडले तर उत्तर काय येईल, याचा अंदाज कंपनीलाही असतो आणि गावालाही. परदेशी पैशाची वाट तर आणखी अरुंद झाली. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने असा निधी मिळालेल्या संस्थेने तो दुसऱ्या संस्थेकडे वळता करण्यावर सरसकट बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली गेली. मोठ्या संस्थेने परदेशी निधी घ्यायचा आणि स्थानिक समितीच्या सल्ल्याने लहान गटांना वाटायचा, हा मार्ग त्यामुळे बंद झाला. उरतो तो देशातला पैसा : देणगीदारांचे ट्रस्ट, कंपन्या आणि आपण सारे.

शासनाच्या पैशाचे आपल्याकडचे दोन अनुभव या संदर्भात तपासण्यासारखे आहेत. पुणे महापालिकेने २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचवून घ्यायला सुरुवात केली. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून चाललेल्या प्रयोगाचा तो दूरचा नातलग. नागरिक अर्ज भरतात, पदपथ, दिवे, बाके सुचवतात. त्यांतले काय घ्यायचे ते महापालिका ठरवते. उपक्रम चांगला, पण तो सूचनांचा आहे, निर्णयाचा नाही. दुसरा अनुभव २०१५ चा. पेसा कायद्याखालच्या, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या, ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेच्या निधीतले पाच टक्के थेट आणि अबंध द्यायचे, विनियोग ग्रामसभेने ठरवायचा, असे राज्य शासनाने ठरवले. कागदावर हा फार मोठा बदल आहे. प्रत्यक्षात कामांची यादी ग्रामसेवकाकडे तयार असते आणि सभा सह्यांपुरती, अशी तक्रार ऐकू येते. जिथे ग्रामसभा आधीपासून जिवंत होती तिथे हा पैसा खरोखर लोकांचा झाला. जिथे नव्हती तिथे तो आणखी एक हेड झाला.

जिवंत ग्रामसभा म्हणजे काय, ते गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने दाखवलेले आहे. तिथल्या कामातली देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे वाचकांना ठाऊक असतील. सामूहिक वनहक्क २००९ मध्ये मिळाला, आपल्या जंगलातला बांबू २०११ मध्ये गावाने स्वतःच्या वाहतूक परवान्यावर विकला, हेही अनेकदा लिहिले गेले आहे. या पुस्तकाच्या विषयाशी त्याहून अधिक संबंध आहे तो त्यांच्या एका रीतीचा. गावाने अभ्यास गट आणि ग्रामसभा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. अभ्यास गटात कुणीही यावे, वनाधिकारी, वकील, प्राध्यापक. त्यांनी माहिती द्यावी, वाद घालावा. निर्णय मात्र ग्रामसभेत, फक्त गावाचा, आणि तोही सर्वसहमतीने. एकाचा जरी विरोध असला तरी निर्णय पुढे ढकलला जातो. तज्ज्ञ असतील तर लोक दबतात आणि लोकांवर सोडले तर तज्ज्ञता हरवते, या पेचावर जगभरचे निधी तीस-चाळीस वर्षे डोके खाजवत आहेत. मेंढ्याने त्याचे उत्तर दोन बैठका वेगळ्या करून दिले. बोस्टन किंवा ॲम्स्टरडॅमच्या नियमपुस्तिका मराठीत आणण्याआधी आपल्या ट्रस्टांनी हे उत्तर वापरून पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मराठी समाजाकडे दुसरीही एक शिदोरी आहे. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आणि त्यांच्या सहकारी कलावंतांनी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधीसाठी पैसा उभा केला. पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळावे, हा त्याचा हेतू. तिकीट काढणाऱ्या हजारो प्रेक्षकांनी कुठल्या प्रकल्पाचा 'परिणाम' मागितला नाही. कार्यकर्ता जगला पाहिजे, काम काय करायचे ते त्याला कळते, एवढा भरवसा त्यामागे होता. निर्णय सोपवण्याची सुरुवात अशा भरवशापासून होते. दुर्दैवाने नंतरच्या काळात आपल्याकडे पैसा वाढला आणि भरवसा कमी झाला.

पुढची पाने वाचणाऱ्यांत विश्वस्त असतील, कंपन्यांच्या सीएसआर विभागातली माणसे असतील, तसेच वर्षानुवर्षे प्रपोजल टाकणारे कार्यकर्तेही असतील. कार्यकर्त्यांना मला काही सांगायचे नाही. यातले बरेच त्यांना पाठ आहे. विश्वस्तांना एक विनंती आहे. वाचायला बसण्यापूर्वी आपल्या ट्रस्टने गेल्या वर्षी मंजूर आणि नामंजूर केलेल्या अर्जांची यादी मागवून घ्या. प्रत्येक नावापुढे तो निर्णय कुणी घेतला ते लिहा, आणि त्या माणसांपैकी कुणी त्या गावात, त्या वस्तीत, त्या आजारात किंवा त्या धंद्यात एक वर्ष तरी काढले आहे का, तेही लिहा. मग येत्या वर्षाच्या वाटपातला एक हिस्सा, दहावा का होईना, अशी वर्षे काढलेल्या माणसांच्या समितीकडे द्या. समितीच्या सदस्यांना मानधन द्या, नियम मराठीत छापा, आणि शेवटची सही त्यांची असू द्या.